काशीयात्रेचा बेत : मजलांच्या यादी व त्यांचें ऐतिहासिक मोल

१. सुटी जवळ आली म्हणजे सांप्रतचा गृहस्थ परगांवीं जाण्याचा बेत करूं लागतो. कोणतीं स्थळें पाहावयाचीं, कोठें किती दिवस राहावयाचें, वाहन कोणतें धरावयाचें, खर्च किती येईल, ह्या गोष्टी तो चार जणांस विचारून व चार पुस्तकें चाळून ठरवितो, आणि दिवसवार टांचण करून मग घराबाहेर पडतो. ही रीति आगगाडीबरोबर आपल्याकडे आली. तत्पूर्वीं आमचे पूर्वज देवावर भार घालून निघत, वाट नेईल तिकडे जात आणि वांचले तर परत येत, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. तो समज खरा नाहीं. ज्या काळीं पुण्याहून काशीस जाऊन येण्यास वर्ष-सव्वा वर्ष लागे, त्या काळीं बेत करण्याची गरज आजच्यापेक्षां अधिक होती, आणि लोक तो बारकाईनें करीत. संसारांतून इतके दिवस मोकळें होण्यास यात्रा हेंच बहुतेक कुटुंबांस सर्वमान्य निमित्त होतें. सबब आजच्या सुटीच्या बेताचा पूर्वज शोधावयाचा तर तो यात्रेच्या कागदांतच शोधला पाहिजे. तो कसा शोधावा हें दाखविणें, व ह्या कागदांकडे संग्राहकांचें लक्ष वेधणें, हे प्रस्तुत लेखाचे दोन हेतु आहेत.

२. प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रवासाचें वर्णन आणि प्रवासाचा बेत हीं दोन निराळ्या जातीचीं साधनें आहेत. वर्णन परत आल्यावर लिहिलें जातें. लिहिणाऱ्यास शेवट ठाऊक असतो, म्हणून जें घडलें तेंच घडावयाचें होतें असा रंग त्यास सहज चढतो. बेत निघण्यापूर्वीं केला जातो. त्यांत माणसाची अपेक्षा, त्याची भीति आणि त्याच्यापाशीं त्या वेळीं असलेली माहिती हीं जशीच्या तशीं उतरतात. मात्र हा बेत एकाच कागदावर क्वचित् मिळतो. तो अनेक प्रकारच्या कागदांत विखुरलेला असतो : मुक्कामांची व कोसांची याद, क्षेत्रीं करावयाच्या कृत्यांची याद, बरोबर न्यावयाच्या माणसांची व सामानाची याद, खर्चाचा अदमास, हुंडी, दस्तक, आणि क्षेत्रोपाध्यायाशीं किंवा तेथील ओळखीच्या गृहस्थाशीं झालेला पत्रव्यवहार. ह्यांतील एकेक कागद सुटा पाहिला तर क्षुल्लक वाटतो. त्यांत राजकारण नाहीं, लढाई नाहीं, सनद नाहीं. बखर व पत्र जपून ठेवणारे हात हा कागद बाजूस टाकतात, ह्याचें कारण हेंच. परंतु हे सारे कागद एकत्र लावले म्हणजे एका कुटुंबानें वर्षभराचा काळ आधींच कसा आंखला होता तें डोळ्यांपुढें उभें राहतें.

३. बेतास माहिती लागते. ती कोठून मिळे? मराठींत स्थळांची नोंद करण्याची पद्धति फार जुनी आहे. महानुभाव पंथाच्या मुनिव्यासाची स्थानपोथी हें तिचें ठळक उदाहरण होय. श्रीचक्रधरांचें वास्तव्य जेथें जेथें झालें तीं स्थानें, देवळाचें तोंड कोणत्या दिशेस आहे, अमुक स्थान तमुक स्थानाच्या कोणत्या अंगास आहे, अशा खुणांनिशीं ह्या ग्रंथांत नोंदलीं आहेत. ह्या खुणा भक्तानें तेथें जाऊन स्थान ओळखावें ह्याच हेतूनें दिलेल्या आहेत. केवळ भावार्थ सांगावयाचा असता तर दिशांची गरज पडली नसती. स्थळाची माहिती आधीं मिळवावी व मग चालूं लागावें, ही वृत्ति ह्यावरून आपल्याकडे पुरातन ठरते.

काशीच्या यात्रेपुरतें पाहतां मुख्य आधार त्रिस्थलीसेतूचा. त्याचा कर्ता नारायणभट्ट (जन्म १५१३) हा मूळ पैठणच्या भट्ट घराण्यांतला. त्याचा पिता रामेश्वरभट्ट काशीस जाऊन राहिला, आणि पुढें ह्या घराण्यानें काशीच्या पंडितसभेंत अग्रस्थान मिळविलें. प्रयाग, काशी व गया ह्या तीन स्थळीं यात्रेकरूनें काय करावें, कोणत्या क्रमानें करावें, कोणास कोणता अधिकार, कोणता काळ वर्ज्य, ह्यांचा निर्णय ह्या ग्रंथांत आहे. पुढें भट्टोजी दीक्षितानेंही त्रिस्थलीसेतूचा सारसंग्रह केला. मोठ्या ग्रंथाचें सार निघतें तें बहुधा वापरणाऱ्यांची संख्या वाढल्यावर; म्हणून ह्या साराकडे केवळ पांडित्याचें काम म्हणून न पाहतां यात्रेच्या गरजेचा पुरावा म्हणूनही पाहतां येतें. संस्कृत न जाणणाऱ्यांस गुरुचरित्रांत काशीयात्रेचा क्रम मराठी ओव्यांतून मिळे, आणि काशीखंड, गयामाहात्म्य वगैरे पुराणिकाच्या तोंडून ऐकावयास मिळत.

ग्रंथांतून विधि कळे. पण रस्ता, उतार, बाजार आणि चोरांचें भय हीं ग्रंथांत नसत. तीं जाऊन आलेल्या माणसांपासूनच मिळावयाचीं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणापासून मराठ्यांच्या फौजा माळव्यांत व त्यापलीकडे जाऊं-येऊं लागल्या, काशीस दक्षिणी ब्राह्मणांचीं घरें वाढलीं, सावकारांच्या पेढ्या व कासीद सुरू झाले. ह्या तिन्ही मार्गांनीं उत्तरेची खबर दक्षिणेंतल्या घरांत येऊं लागली. मजलांच्या यादी ह्या खबरेंतूनच तयार होत. सबब अशा यादींत दिलेला रस्ता हा कोण्या एकाचा नसून त्या पिढीस ठाऊक असलेला रस्ता आहे, हें ध्यानांत ठेवावें.

४. आतां काळाचा हिशेब पाहूं. यात्रेकरूस दोन घड्याळें सांभाळावीं लागत : एक पावसाचें व दुसरें पंचांगाचें. पुण्याहून काशी आजच्या सडकेनें सुमारें १,४५० किलोमीटर, म्हणजे ९०० मैल आहे. दोन मैलांचा कोस धरिला तर ४५० कोस होतात. बायकामाणसें, म्हातारीं व बैल बरोबर असतां रोजची मजल सहा कोसांहून फार मोठी धरतां येत नाहीं. ह्या मानानें ७५ मजला झाल्या. एकादशी, द्वादशी, श्राद्धतिथि, नदीचा उतार, जनावरांचा विसावा ह्यांसाठीं पांच मजलांस एक मुक्काम धरिला म्हणजे एकंदर ९० दिवस, अर्थात् तीन महिने होतात. दसऱ्यास सीमोल्लंघन करून निघालेला मनुष्य ह्या हिशेबानें पौष शुद्ध दशमीच्या सुमारास मुक्कामास पोंचतो. आणि प्रयागचें माघस्नान पौषी पौर्णिमेस सुरू होतें. प्रयाग हें काशीच्या अलीकडे असल्यामुळें चार दिवस हातीं राहतात. दसऱ्याचा मुहूर्त व माघस्नान ह्यांची ही सांगड केवळ योगायोगाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

परतीचा हिशेब मात्र असा जुळत नाहीं. माघस्नान संपवून काशीस यावें, महाशिवरात्र व पंचक्रोशी करावी, तेथून गयेस जावें, गयाश्राद्ध उरकावें, ह्यांत फाल्गुन सरतो. गयेहून पुण्यास येण्यास वरच्याच मानानें साडेतीन महिन्यांच्या आंतबाहेर लागतात, म्हणजे जेष्ठ संपून आषाढ लागतो. नर्मदा, तापी व गोदावरी ह्या तीन नद्या मृग लागल्यावर ओलांडणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें. म्हणून यात्रेकरूपुढें तीन मार्ग उरत : गया सोडून परत फिरावें, वाटेंत कोठें तरी पावसाळा काढावा, किंवा काशीसच चातुर्मास्य करून पुढल्या दसऱ्यानंतर निघावें. शेवटले दोन मार्ग पत्करले तर एकंदर यात्रा पंधरा-सोळा महिन्यांची होते. ज्या यादींत हा हिशेब धरलेला नसेल ती याद एकतर गया वगळून केलेली असावी, किंवा घोडेस्वाराची असावी. बायकामाणसांच्या तांड्याची नव्हे.

५. हें अनुमान पडताळून पाहण्यास उत्तम उदाहरण राधाबाईंच्या यात्रेचें आहे. पहिले बाजीराव पेशवे ह्यांच्या ह्या मातोश्री फेब्रुवारी १७३५ मध्यें पुण्याहून निघाल्या. बऱ्हाणपुरावरून नर्मदा उतरून त्या मे महिन्यांत उदेपुरास पोंचल्या. तेथून नाथद्वार करून जून महिन्यांत जयपुरास आल्या आणि पावसाळा सवाई जयसिंगांच्या आश्रयास जयपुरास काढला. पाऊस ओसरल्यावर मथुरा, कुरुक्षेत्र व प्रयाग करून त्या काशीस गेल्या, हिंवाळ्यांत गया केली, आणि १७३६ च्या पावसाळ्याच्या तोंडाशीं पुण्यास परत आल्या. सुमारें पंधरा-सोळा महिने झाले.

ह्या यात्रेचें राजकीय महत्त्व इतिहासकारांनीं पुष्कळ वर्णिलें आहे. राजपुतांच्या दरबारीं मातोश्रींचा सत्कार झाला, महंमदखान बंगषासारख्या प्रतिपक्षीयानें वाटेस लावून दिलें, आणि पुढल्या वाटाघाटींस अनुकूल वातावरण तयार झालें, हें सर्व यथार्थच आहे. परंतु बेत ह्या दृष्टीनें पाहतां आणखी एक गोष्ट दिसते. सरळ माळव्यांतून प्रयागास न जातां राजपुतान्यांतून वळसा घेतल्यामुळें पावसाळा कोण्या अनोळखी खेड्यांत न पडतां एका मोठ्या राजधानींत पडला. नद्यांचे उतार कोरड्या दिवसांत, लांबचा मुक्काम पावसांत, पूर्वेकडील तीर्थें थंडींत आणि परतीची मोठी वाट उन्हाळ्यांत : ही मांडणी आपोआप होत नाहीं. राजकारण व पर्जन्य ह्या दोहोंचा मेळ घालणारा कोणी तरी हा बेत बसून आंखला असला पाहिजे.

६. काळानंतर परवानगी व पैसा. दुसऱ्याच्या मुलुखांतून जावयाचें तर दस्तक लागे. त्यांत माणसें किती, घोडीं-उंट-बैल किती, हत्यारें किती ह्यांची संख्या लिहिलेली असे, व चौकीपहाऱ्यानें मुजाहीम होऊं नये असें बजाविलेलें असे. म्हणून दस्तकाचा कागद केवळ परवाना नव्हे. तो त्या तांड्याची मोजदाद आहे. माणसांची याद व दस्तक हीं दोन्ही हातीं आलीं तर कुटुंबांतलीं कोण निघालीं, आश्रित किती होते, विधवा किती होत्या, ह्यांचा अंदाज बांधतां येतो.

क्षेत्रींचा कर हें खर्चाचें एक निश्चित कलम होतें. प्रयाग १८०१ पर्यंत अयोध्येच्या नबाबाकडे होतें. त्या सालीं तें कंपनीकडे आलें. कंपनीनें कर उठविला नाहीं. १८१० च्या कायद्यानें त्याचे दर बांधून दिले. पायीं येणाऱ्यास एक रुपया, आणि वाहन असेल त्या मानानें अधिक. हा कर १८४० सालीं उठला. एक रुपया आज कोणास मोठा वाटणार नाहीं; परंतु दहा माणसांच्या तांड्यास तो दहा ठिकाणीं जाणवे. अमुक जण संगमावर जातील व अमुक बिऱ्हाडीं राहतील, असा भेद एखाद्या यादींत दिसला, तर त्याच्या मुळाशीं अधिकाराचा किंवा सोयराचा प्रश्न असेल किंवा हा कर असेल, हें तपासून पाहावें.

रोकड बरोबर नेणें म्हणजे चोरास आमंत्रण. सबब पुण्याच्या, नाशिकच्या किंवा इंदुरच्या पेढीवर रक्कम भरून काशीची हुंडी घेत, आणि वाटखर्चापुरतीच नाणीं कमरेस बांधीत. हुंडणावळ किती द्यावी लागली, मुदतीची हुंडी कीं दर्शनी, वाटेंत कोणत्या गांवीं पैसे उचलावयाचे, हीं कलमें खर्चाच्या अदमासांत येतात. शिवाय नाण्यांचा घोळ होताच. चांदवडी, अंकुशी इत्यादि रुपये निरनिराळ्या बट्ट्यानें चालत, आणि मुलूख बदलला कीं बट्टा बदले. १८३५ सालीं कंपनीनें आपल्या मुलुखांत एकच रुपया चालू केला, तेव्हांपासून हा घोळ कमी होत गेला.

७. क्षेत्रांत पोंचल्यावर तरी मनुष्य मोकळा झाला असें नाहीं. किंबहुना बेताचा सर्वांत रेखीव भाग क्षेत्रांतलाच असे. प्रयागास क्षौर, त्रिवेणीस्नान, श्राद्ध, व दक्षिणी सुवासिनींचें वेणीदान. काशीस गंगास्नान, विश्वेश्वर, अन्नपूर्णा, कालभैरव, बिंदुमाधव, अंतर्गृहयात्रा, पंचतीर्थी. गयेस फल्गु, विष्णुपद व अक्षय्यवट. पंचक्रोशीची प्रदक्षिणा सामान्यतः पांच दिवसांत करीत, आणि तिचे मुक्काम ठरलेले असत : कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर व कपिलधारा. कोठें निजावें, दुसरे दिवशीं किती चालावें, वाटेंत कोणत्या देवतांस नमस्कार करावा, हें सारें आधींच आंखलेलें. एखाद्या दिवसवार कार्यक्रमाचा ह्याहून पक्का नमुना आजच्या कोणत्याही प्रवासी कचेरीस दाखवितां येणार नाहीं.

ह्याच्या उलट गयेचा भाग लवचिक ठेविलेला असे. गयाश्राद्ध एका दिवसांतही उरकतां येई, आणि पुरा सतरा दिवसांचा विधिही करतां येई. ऐपत, शरीर व परतीची घाई पाहून यजमान निवड करी. शिवाय अधिक मास, गुरु-शुक्रांचा अस्त किंवा सिंहस्थ गुरु असतांही गयाश्राद्ध टाकूं नये असा शास्त्रार्थ असल्यामुळें येथें पंचांगाची अडचण पडत नसे. इतर ठिकाणीं मुहूर्तासाठीं थांबावें लागलें तर ती कसर गयेस भरून काढण्याची सोय शास्त्रानेंच ठेविली होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं. कृत्यांच्या यादींत गयेचे दिवस खोडून कमी केलेले आढळले तर तेथें लेखकाचा प्रमाद समजूं नये. तो बेतांतला फेरफार असण्याचा संभव अधिक.

८. येथपर्यंत बेत कसा करीत तें पाहिलें. बेत मोडला म्हणजे काय होई, हेंही पाहिलें पाहिजे. कारण इतिहासाचें काम तेथें सुरू होतें. वाट निर्भय नसे, म्हणून मोठ्या फौजेच्या सोबतीनें यात्रा करण्याची चाल होती. १७६० च्या मार्च महिन्यांत सदाशिवरावभाऊंची फौज पटदुराहून उत्तरेस निघाली, तेव्हां तिच्याबरोबर यात्रेकरूंचा मोठा समुदाय होता. त्यांतच अठरा वर्षांचे बाळाजी जनार्दन, म्हणजे पुढें नाना फडणीस म्हणून प्रसिद्धीस आलेले गृहस्थ, आपली मातोश्री व पत्नी ह्यांस घेऊन निघाले होते. त्यांच्या आत्मवृत्तांत गंगायात्रेची ही इच्छा नमूद आहे.

बेत म्हणून पाहिलें तर ह्यांत चूक दिसत नाहीं. एवढ्या फौजेपेक्षां बळकट सोबत कोणती मिळणार? परंतु फौजेस यात्रेकरूंचा भार झाला आणि यात्रेकरूंस फौजेचें दैव भोगावें लागलें. ऑक्टोबर १७६० मध्यें कुंजपुरा जिंकल्यावर सैन्य कुरुक्षेत्राच्या रोखानें वळलें असतां अब्दालीनें बागपताजवळ यमुना उतरून दिल्लीची वाट तोडली. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जें झालें तें सर्वश्रुत आहे. नाना वांचले, त्यांची पत्नी वांचली. मातोश्री त्या धामधुमींत अंतरल्या त्या कायमच्या. त्या दिवशीं शिपाई किती पडले ह्याचे आंकडे निरनिराळ्या ग्रंथकारांनीं दिले आहेत. यात्रेकरू किती होते, कोणकोणत्या गांवचे होते, ह्याचा पत्ता लागावयाचा असेल तर तो लढाईच्या पत्रांत लागणार नाहीं. निघण्यापूर्वीं घरोघरीं झालेल्या यादींत, दस्तकांत व हुंड्यांत लागला तर लागेल. हुंडी घेतली आणि पटली नाहीं, दस्तक निघालें आणि मनुष्य परत आला नाहीं, अशा जोड्या मिळूं लागल्या, तर पानिपतच्या इतिहासाचें एक अंधारें अंग उजळण्याचा संभव आहे.

दुसरें उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडशांचें. १८५७ सालीं हे चुलत्यासह उत्तरेस निघाले, ते बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार अशी बातमी आली म्हणून. दक्षिणा मिळवावी, घरचें कर्ज फेडावें आणि तीर्थेंही घडावीं, असा दुहेरी बेत होता. महूच्या आसपास त्यांस शिपायांच्या तोंडून बंडाची वार्ता कळली, आणि तेथून पुढें बेत बेताच्या जागीं राहिला. मथुरेचा यज्ञ बाजूस पडला. झांशीचा वेढा मात्र आंत राहून पाहावा लागला. मिळविलेला पैसा लुटला गेला. तरीही अखेर काशी घडली, आणि गंगोदकाची कावड घरीं आणून त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. मूळ बेतांतलें एवढेंच कलम शेवटास गेलें. पण तें त्यांनीं सोडलें नाहीं, ह्यावरून बेतांत मुख्य काय व गौण काय होतें तें कळतें.

गोडशांच्या ग्रंथाची कथाही संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. चिंतामण विनायक वैद्य ह्यांच्या सांगण्यावरून तो लिहिला गेला, आणि १९०७ सालीं वैद्यांनीं तो फेरफार करून छापला. मूळ मोडी हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आलें, म्हणून दत्तो वामन पोतदार ह्यांस १९६६ सालीं तें जसेंच्या तसें प्रसिद्ध करतां आलें. मूळ कागद जपला नसता तर वैद्यांची प्रत हीच गोडशांची वाणी म्हणून आज चालली असती.

९. हा सर्व विचार पुण्याकडील यात्रेपुरता आहे असें नव्हे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे १८२० सालीं सुमारें तीन हजार मंडळींसह काशीस निघाले. त्यांच्या दरबारीं त्या यात्रेवर मराठी लावण्या रचल्या गेल्या, त्या त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या म्हणून प्रसिद्ध आहेत. लावण्यांत मुक्काम व क्षेत्रें गाइलीं गेलीं तरी त्यांच्या पोटीं मजलांचीच याद आहे. मद्रासेचे एनुगुल वीरास्वामी ता. १८ मे १८३० रोजीं निघाले आणि ता. ३ सप्टेंबर १८३१ रोजीं परत आले. त्यांचें तेलुगु काशीयात्राचरित्र १८३८ सालीं छापलें गेलें. ते हैदराबाद व नागपूर ह्या मार्गानें गेले, त्यामुळें महाराष्ट्राच्या पूर्व भागांतल्या वाटेची व मुक्कामांवर मिळणाऱ्या सोयींची माहिती त्यांत आहे. वऱ्हाड-नागपुराकडील यादी लावतांना ती उपयोगीं पडेल. त्यांसही साडेपंधरा महिने लागले. राधाबाईंच्या यात्रेस लागलेला काळ वर दिलाच आहे. दोन यात्रांमध्यें शंभर वर्षांचें अंतर, राज्यें निराळीं, प्रस्थानाचीं स्थळें निराळीं, तरी काळ जवळजवळ तितकाच. राज्य बदललें तरी पाऊस बदलला नव्हता, हेंच ह्याचें कारण असावें.

हें मान एकदम मोडलें तें मार्च १८७० मध्यें, जेव्हां मुंबईहून जबलपुरावरून अलाहाबादेपर्यंत लोहमार्ग सलग जुळला. तीन महिन्यांची वाट थोड्या दिवसांवर आली. मजलांच्या यादीचें काम संपलें व तिच्या जागीं स्टेशनांची याद आली. त्याबरोबर वाटेंतलीं गांवें बेतांतून गळालीं. पूर्वीं काशीचा यात्रेकरू माळवा पायांखालीं घाली. आतां तो त्यावरून निजून जाऊं लागला.

१०. ह्या कागदांवर मिती बहुधा अपुरी असते. कित्येकांवर शकाचा आंकडाच नसतो. त्यांचा काळ ठरविण्यास पुढील गमकें उपयोगीं पडतील असें वाटतें. पेशव्यांचें दस्तक किंवा त्याचा उल्लेख असेल तर कागद १८१८ च्या पूर्वींचा. प्रयागास कंपनीच्या कचेरींत कर भरण्याची तरतूद असेल तर १८०१ ते १८४० ह्यांमधला. आणि माणशीं एक रुपयाचा बांधीव दर असेल तर १८१० नंतरचा. खर्चांत अनेक नाण्यांचा बट्टा मांडलेला असेल तर कागद बहुधा १८३५ च्या आधींचा, किंवा त्यानंतर थोड्याच वर्षांतला. गयेच्या विष्णुपदाचें अहल्याबाईंनीं बांधविलेलें देऊळ ह्या नांवानें उल्लेखिलें असेल तर १७८७ नंतरचा. अलाहाबादेपर्यंत गाडीभाडें असेल तर १८७० नंतरचा. ह्यांतलें एकेक गमक स्वतंत्रपणें दुबळें आहे. दोन-तीन एका दिशेनें बोलूं लागलीं तर निर्णय भरंवशाचा होतो. ह्याशिवाय क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचें नांव, गोत्र, गांव व मिती लिहून घेण्याची वहिवाट आहे. घरच्या यादींतलीं नांवें व क्षेत्रींच्या वहींतलीं नांवें ताडून पाहिलीं म्हणजे किती निघाले व किती पोंचले ह्याचा निकाल लागतो. दोहोंपैकीं एकट्या कागदानें तो लागत नाहीं.

११. शेवटीं संग्राहकांस विनंति. रुमाल सोडतांना यात्रेचे कागद विषयवारीसाठीं फोडूं नयेत. हुंडी हुंड्यांत, दस्तक दस्तकांत व कृत्यांची याद धर्मशास्त्रांत घातली म्हणजे तिन्ही मुकीं होतात. तीं ज्या क्रमानें एका बासनांत सांपडलीं, तो क्रम हाच त्यांचा अर्धा अर्थ आहे. निदान बासनाचा अंक व आंतील क्रम प्रत्येकाच्या पाठीवर टांकून ठेवावा. नक्कल करतांना खोडलेलें कलम गाळूं नये, कारण खोडलेल्या कलमांतच बेताचा बदल असतो. गांवाचें नांव ओळखूं आलें नाहीं तर आपल्या तर्कानें सुधारूं नये. जसें लिहिलें तसें उतरावें व कोसांचा आंकडा बरोबर द्यावा, म्हणजे पुढच्या कोणास मागल्या-पुढल्या मुक्कामांवरून तें गांव शोधतां येईल. कित्येक घरांत काशीच्या मावंद्याचा खर्च व निमंत्रितांची याद मिळते. तीही ह्याच बासनांतली समजावी. तिच्यावरून परत कोण आलें तें कळतें, आणि निघणाऱ्यांच्या यादींतलें एखादें नांव तेथें नसेल तर त्याची विचारपूस करणें हें आपलें काम आहे.

आज सुटीचा बेत घरबसल्या होतो, तिकीट घरबसल्या निघतें, आणि परत आल्यावर त्या बेताचा चिठोराही मागें राहत नाहीं. आपल्या पिढीनें कोठें जाण्याचें मनांत आणलें होतें व काय टाळलें, हें उद्यांच्या संशोधकास कदाचित् कळणार नाहीं. पूर्वजांच्या बाबतींत ती अडचण अजून आलेली नाहीं. त्यांचे बेत कागदावर होते आणि त्यांतले कांहीं कागद अद्यापि माळ्यांवर, पेट्यांतून व रुमालांतून पडून आहेत. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं निदान त्यांची याद करावी, इतकेंच आमचें मागणें आहे.